डावी त्यांची, उजवी माझी

जॅमची रिकामी बाटली, तिच्यात चपडा लाखेचे मधाच्या रंगाचे पातळ पापुद्रे आणि वर चार बोटं जांभळं स्पिरिट. इंग्लंडात मेथिलेटेड स्पिरिट मुद्दाम जांभळं करून विकतात, कुणी प्यायचा मोह धरू नये म्हणून. आदल्या रात्री भिजत घातलेलं ते मिश्रण विरघळलं का बघायला झाकण उघडलं, आणि स्वयंपाकघरभर वास सुटला. बायको वरून ओरडली, ‘‘काय जाळतोयस?’’

जाळत काही नव्हतो. हा वास मिरजेच्या सतारमेकर गल्लीचा. शाळेतून घरी यायचा सरळ रस्ता सोडून आम्ही त्या गल्लीतून यायचो. ओट्यावर भोपळे वाळत घातलेले, आत कुणीतरी तंबोऱ्याच्या दांडीला तासून आकार देतंय, आणि दाराशी बसलेला एक माणूस कापसाची पुरचुंडी वाटीत बुडवून भोपळ्यावर गोल गोल फिरवतोय. वाटीत हेच असायचं, स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा. तो माणूस आमच्याकडे बघायचाही नाही. हात थांबला तर डाग पडतो, असं त्यानं एकदाच सांगितलं होतं, तेही मान वर न करता.

चाळीस वर्षांनी नॉटिंगहॅममधल्या माझ्या स्वयंपाकघरात तीच वाटी, तोच वास, आणि कारण काय, तर एका जुन्या सायकलचं हँडल.

सायकलीचं आमच्या घराण्यात जरा जास्तच आहे. आजोबा मिरज जंक्शनवर तिकिटांच्या खिडकीत बसत. त्या काळी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ यायचे, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला मुलखाचा भूगोल तोंडपाठ. पण स्वतः आजोबा कुठे फारसे गेले नाहीत. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, आणि तेही रॅलेवरून. आमच्याकडे ‘सायकल’ हा शब्द इतरांच्या सायकलींना होता. आजोबांची ती ‘रॅले’. चेनच्या दातेरी चकतीत तीन बगळे कापलेले होते. पायडल मारलं की ते एकामागून एक फिरत. पुढे बिल्ल्यावर पुन्हा बगळ्याचंच डोकं. लहानपणी मला वाटायचं, विलायतेत कावळ्यांऐवजी बगळे असणार.

हँडलच्या काळ्या रबरी मुठी उन्हानं चिकट व्हायला लागल्या, तेव्हा आजोबांनी त्या काढून टाकल्या आणि तिथे जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. ती दर दसऱ्याला बदलायची. खंडेनवमीच्या दिवशी सायकल धुवायची, आऱ्यांतून चिंधी फिरवायची, चेनला तेल, आणि मग धोतराचं काठाकडचं सुत फाडून दोन पट्ट्या. त्या गुंडाळताना आजोबा मला दुसरं टोक धरायला लावत. ‘‘ताणून धर. ढिलं सोडलंस तर वर्षभर ढिलंच राहील.’’ मी धरायचो. दोन मिनिटांनी हात दुखायचा आणि मी हळूच सैल सोडायचो. त्यांना ते लगेच कळायचं, कारण त्यांच्या हातातली पट्टी मऊ पडायची. ते न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

पुढे नोकरीनं मला आणून टाकलं ते नॉटिंगहॅमला. नेमकं तिथेच, म्हणजे योगायोगाची हद्द झाली. रॅले स्ट्रीट नावाची गल्ली इथे आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका लहानशा कारखान्यातून ते नाव निघालं, आणि फ्रँक बोडन नावाच्या माणसानं ते जगभर नेलं. तो बगळा त्याच्याच घराण्याच्या मानचिन्हातला. १९५१ साली इथून वर्षाला दहा लाखांवर सायकली बाहेर पडत होत्या. आता त्या पुढच्या मोठ्या कारखान्याच्या जागेच्या बऱ्याचशा भागावर विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस उभा आहे, तळं आहे, तळ्यात बदकं आहेत. २००२ मध्ये कारखान्यातलं उरलंसुरलं कामही थांबलं. मी रोज त्या तळ्याकाठून कामाला जातो. कधीमधी एखादा राखी बगळाही येऊन उभा राहतो. त्याला अर्थातच यातलं काही ठाऊक नसतं.

पहिल्या हिवाळ्यात मी बाबांना फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, की आजोबांची रॅले जिथे घडली तिथे मी रोज चालतो. पलीकडे जरा शांतता.

‘‘अरे, ती आसनसोलची होती.’’

‘‘काय?’’

‘‘सेन-रॅले. बंगालातली. बिल्ल्यावर लिहिलेलं होतं खाली, बारीक अक्षरांत. तुझे आजोबा तिथेच नेमकं शेंदूर-कुंकू लावायचे दसऱ्याला.’’

बाबांचं बरोबर असणार. इंग्लंडातून आयात आटत गेल्यावर १९५०च्या दशकात आसनसोलला रॅलेच्या भागीदारीत कारखाना निघाला आणि आपल्याकडच्या कितीतरी ‘विलायती’ रॅले तिथूनच आल्या. आजोबांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तिकिटांच्या खिडकीत जन्म काढलेला माणूस, आसनसोल हे स्टेशन त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? पण कुंकवाचं बोट बरोबर त्या अक्षरांवर पडायचं एवढं खरं.

तर आताची सायकल. ही रॅले नाही, पण तिची चुलत बहीण. कार्लटन. याच परगण्याच्या उत्तरेला वर्कसॉप नावाचं गाव आहे, तिथे कार्लटनच्या हलक्या, वेगाच्या सायकली बनत. १९६० मध्ये रॅलेनं ती कंपनी विकत घेतली आणि आपल्या शर्यतीच्या सायकली तिथे करून घ्यायला सुरुवात केली. १९८१ मध्ये वर्कसॉपचं दारही बंद झालं. माझ्याकडे आलेली १९६०च्या दशकातली आहे. बाटलीसारखा हिरवा रंग, सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ची झिजलेली चिकटपट्टी. इथले जुने सायकलवाले हा आकडा ‘पाचशे एकतीस’ असा कधी म्हणत नाहीत, ‘फाइव्ह-थ्री-वन’ म्हणतात, जसं आपण एखाद्या जुन्या एसटीच्या नंबराबद्दल बोलतो. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, १९३५ पासून बर्मिंगहॅमला बनणारं. पुढची चाळीसेक वर्षं चांगली सायकल म्हणजे त्या नळ्यांची, असं इथलं समीकरण होतं.

ती माझ्या एका सहकारिणीच्या सासऱ्यांची. वय ऐंशीच्या पुढे, जन्म खाणीत काम करण्यात गेला, रविवार सायकलवर गेले. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर सायकल शेडमध्ये पडून होती. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. एकच अट, ‘‘चालवायची. भिंतीला टांगायची नाही.’’ इकडे पबच्या भिंतींवर जुन्या सायकली टांगायची फॅशन आहे, तिचा त्यांना संताप आहे. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, पण घरात आम्ही त्यांना सासरेबुवाच म्हणतो.

चाकं, चेन, ब्रेकचे रबर, हे सगळं यथावकाश झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पैसे मोजले की होतं. अडलं ते हँडलपाशी.

ड्रॉप हँडल म्हणजे आमच्या लहानपणीच्या भाषेत ‘मेंढ्याच्या शिंगांचं’. त्यावर काळी, चकचकीत प्लॅस्टिकची टेप होती, सत्तरीच्या शेवटी नि ऐंशीच्या दशकात अशा टेपचं मोठं प्रस्थ होतं. दिसायला बांगडीसारखी, घाम आला की साबणासारखी. ती उलगडली तर खाली कापड. निळं असावं, आता ओल्या राखेसारखं. त्याच्याही खाली आणखी एक कापड, पांढरं. सासरेबुवांनी जुनं काढायची तसदी न घेता वर वर गुंडाळलं होतं. आमच्याकडे भिंतींना असेच चुन्याचे हात चढत.

मी ते हळूहळू सोडवत गेलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिन्ही थरांत डावी बाजू जास्त झिजलेली. वरचा आडवा भाग, जिथे तळहात टेकतो, तिथे डावीकडचं कापड विरून जाळीदार झालेलं, उजवीकडचं त्या मानानं धड. माणूस डावखुरा असेल असा पहिला तर्क. मग सायकलकडेच बघितलं. गिअरचे दोन खटके हँडलवर नाहीत, खाली तिरप्या नळीवर आहेत, आणि मागच्या चाकाचा, म्हणजे सतत लागणारा, उजवीकडे आहे. प्रत्येक चढाला, प्रत्येक उताराला उजवा हात हँडल सोडून खाली जाणार. तेवढा वेळ सगळी सायकल डाव्या हातावर. किती हजार वेळा?

कापडाखाली ॲल्युमिनियमवर पांढरी पूड साचली होती. घाम कापडात मुरतो आणि आत बसून धातू खातो. म्हणून टेप बदलणं हे निव्वळ नटवणं नाही, त्या निमित्तानं खालचं हँडल डोळ्यांखालून जातं. बारीक चीर दिसली तर ते हँडल भंगारात, तिथे माया दाखवायची नाही. उतारावर हँडल मोडलं तर पुढचे दात आपले नसतात. मी विजेरी लावून, नखानं चाचपून बघितलं. चार खड्डे होते, चीर नव्हती. रॉकेलनं जुना गोंद पुसला, बारीक पॉलिश पेपर मारला.

टेप फ्रान्सहून येते. व्हेलॉक्स ही तिथली जुनी कंपनी, ‘त्रेसोस्तार’ हे टेपचं नाव. जाड विणीची सुती पट्टी, दोन बोटांहून जरा कमी रुंद, पाठीला गोंद. मऊ, गुबगुबीत कॉर्कची टेप ऐंशीच्या दशकात आली, त्याआधी शर्यतीतल्या सायकलवर बहुतेक हीच सुती पट्टी. जुन्या छायाचित्रांत टूर द फ्रान्सचे घाट चढणारे दिसतात ना, त्यांच्या तळव्यांखाली एवढंच एक कापड असायचं. इटलीत तस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची यात्रा भरते. १९८७ पूर्वीचीच सायकल चालते, आणि ब्रेकच्या वायरी टेपखालून न नेता लिव्हरच्या माथ्यातून उघड्या हवेत कमानीसारख्या निघाल्या पाहिजेत, इथपर्यंत नियम आहेत. सोवळ्यातल्या स्वयंपाकाचे नियम माहीत असलेल्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही.

मी पिवळी घेतली. झेंडूचा पिवळा. का घेतली ते दसऱ्याशी बांधलेलं आहे, जास्त सांगत नाही.

आता गुंडाळायची कशी? यावर लोक हमरीतुमरीवर येतात. एक पंथ म्हणतो, हँडलच्या खालच्या टोकापासून सुरू करून वर मध्याकडे जा. दुसरा म्हणतो, मध्यापासून सुरू करून खाली ये. मला पहिला लगेच पटला, कारण आमचं घर कौलारू होतं. कौलं शाकारताना वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जातात. खालच्या ओळीवर वरच्या ओळीची कड चढते, पाणी घसरून जातं. उलट लावली तर प्रत्येक सांध्यात पाणी शिरेल. हँडलवर पाण्याच्या जागी तळहात. तो वरून खाली घसरतो, रेटतो. खालून वर गुंडाळलेल्या टेपच्या कडा खाली तोंड करून असतात, त्यामुळे हाताला अडकत नाहीत. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक कड हाताला सामोरी, महिन्याभरात ती गुंडाळून दोरीसारखी होणार. इतकं सरळ आहे.

सरळ आहे ते सांगायला. आधी लिव्हरच्या पट्ट्यावर टेपचा एक आखूड तुकडा चिकटवला, म्हणजे मागून धातू डोकावत नाही. हँडलच्या खालच्या टोकाशी अर्धी रुंदी बाहेर सोडून पहिला वेढा घेतला. ती बाहेरची कड नंतर आत दुमडून बूच ठोकतात. आणि मग वेढ्यावर वेढा, प्रत्येकानं आधीच्याची तिसरा हिस्सा रुंदी झाकत. सरळ भागावर मी अगदी गवयाच्या ऐटीत निघालो. वळण आलं आणि सम चुकली.

सुती कापड फारसं ताणलं जात नाही. कॉर्कची टेप रबरासारखी वळणाशी जुळवून घेते, सुती पट्टी घेत नाही. वळणाच्या आतल्या अंगाला जागा कमी, बाहेरच्या अंगाला जास्त. आत थरांवर थर चढून गाठोडं होतं आणि बाहेर दोन वेढ्यांच्या फटीतून धातू चमकतो. ते टाळायचं तर वळणावर येण्याआधीच वेढे जवळ जवळ घ्यायला लागायचं, पट्टी किंचित तिरपी धरायची, आणि ओढ सोडायची नाही. मी ओढ सोडली. उलगडलं, पुन्हा. पुन्हा फट. पुन्हा उलगडलं. पाठीचा गोंद प्रत्येक वेळी थोडा मरतो, त्यामुळे चौथ्या खेपेला पट्टी चिकटेना. उजवी बाजू अखेर मध्याशी पोचली तेव्हा हातात वीतभर टेप उरली होती. डावी पोचायच्या आधीच चार बोटं कमी पडली. म्हणजे दोन्ही हातांची ओढ सारखी नव्हती, थर सारखे नव्हते, काहीच सारखं नव्हतं. डावी पुन्हा सगळी सोडली. रात्रीचा एक वाजला.

शेवटी मध्याशी टेपचं मोकळं टोक राहतं, ते बांधायला लागतं. त्यासाठी मात्र माझ्याकडे विद्या होती. बॅटच्या मुठीचा दोरा सुटला की तो पुन्हा कसा बांधायचा हे मला मामानं शिकवलेलं. दोऱ्याचा एक फास मुठीवर आडवा ठेवायचा, त्यावरून घट्ट घट्ट वेढे घेत यायचं, शेवटचं टोक फासातून ओवायचं आणि दुसऱ्या बाजूनं फास खेचायचा. टोक वेढ्यांच्या पोटात गडप. गाठ नाही, काही नाही. सुतळी नको, ती केसाळ असते. मेण लावलेला पांढरा दोरा घेतला. दोन्ही बाजूंना वीस-वीस वेढे. हे मला सुरेख जमलं आणि मी उगाच बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

आणि मग लाख.

कापडी टेपवर लाखेचे हात देणं ही खास हौशी लोकांची गोष्ट. त्यानं कापड कडक होतं, पावसात भिजत नाही, मळ आत मुरत नाही, गुंडाळी जागच्या जागी पक्की बसते. रंग मात्र बदलतो. पांढऱ्याचा मध होतो, लालाची वीट, निळा हिरव्याकडे झुकतो. पिवळ्याचा काय होतो ते आधी झाडूच्या दांड्याला तुकडा गुंडाळून बघितलं. गूळ. अगदी आपल्या कोल्हापुरी गुळाचा. जास्त हात दिले तर काकवी. मी तीनवर थांबलो. तेवढ्यात कापडाची वीण अजून बोटाला लागते. त्यापुढे गेलं तर पुन्हा प्लॅस्टिकसारखं घसरडं.

लाख मिळवताना गंमत झाली. इथे तिला शेलॅक म्हणतात. जवळपास कुठे मिळेल म्हणून शोधलं तर पाच मैलांच्या आत नखं रंगवायची अठरा दुकानं निघाली. त्या नावानं नखांचा रंग निघाला आहे. अखेर लाकडी फर्निचर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मिळाली. पुड्यावर लिहिलं होतं, भारताची पैदास.

मग मी वाचत बसलो. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचं घर बांधतो. पळसा-बोरावरची ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसुमी. सगळ्यात जास्त झारखंडात होते, आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडे. ती फांद्यांवरून खरवडतात, धुतात, आणि मग जुन्या पद्धतीत जे करतात ते वाचून मी पुडा हातातून खाली ठेवला. कापडाची लांबच लांब नळी शिवतात, तिच्यात लाखेचे दाणे भरतात. नळीचा एक भाग भट्टीच्या धगीसमोर आणि दुसऱ्या टोकाशी बसलेला माणूस ती पिळत जातो. वितळलेली लाख कापडातून गाळून बाहेर येते, केरकचरा आत राहतो. तो गरम गोळा मग दुसरा कारागीर दोन्ही हातांत, दोन्ही पायांत आणि दातांत धरून ताणतो, चादरीएवढा पातळ होईपर्यंत. थंड झाल्यावर ती चादर मोडली की हे पापुद्रे. एकदा कापडातून पिळून निघालेली ही लाख मी परत कापडात मुरवत होतो, सात हजारांहून जास्त किलोमीटरवर, एका फ्रेंच पट्टीत.

आजीची बोरमाळ आठवली. सोन्याच्या पातळ पत्र्याचे मणी आणि आत लाख, दाबले जाऊ नयेत म्हणून. ती मोडायला सोनाराकडे नेली तेव्हा त्यानं लाखेचं वजन आधी वजा केलं, आणि आजी परत येऊन म्हणाली, ‘‘निम्मी लाखच घालत होते म्हणजे जन्मभर.’’ मिरजेच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, आणि त्या तबकड्या लाखेच्या. म्हणजे मागचा तंबोरा लाखेनं पॉलिश केलेला आणि गळा लाखेत कोरलेला. पांडवांना जाळायला बांधलेल्या घरापासून पोस्टाच्या पार्सलवरच्या मोहरेपर्यंत ही वस्तू आपल्यात आहे, आणि मला ती भेटली नॉटिंगहॅमला. असो. विषय भरकटला. पण स्पिरिटच्या वासात बसलं की भरकटतं.

लाखेचे तीन हात, दर दोन हातांच्या मध्ये दोन तास. कोपऱ्यात टेकवलेली सायकल सकाळी बघितली तेव्हा हँडल गुळाच्या ढेपेसारखं चमकत होतं. फोटो बाबांना पाठवला. उत्तर आलं, ‘‘घंटी कुठाय?’’

पुढच्या रविवारी सासरेबुवा सुनेबरोबर आले. इकडची जुनी माणसं कुणालाही लाडानं ‘डक’ म्हणतात, बाईला, पुरुषाला, बँकेतल्या साहेबालासुद्धा. ते दारातूनच ‘‘ए अप, मी डक’’ म्हणाले (त्यांच्या बोलीत ‘मी’ म्हणजे ‘माझा’) आणि चहाला न थांबता थेट सायकलपाशी गेले. वाकले. हँडलवरून अंगठा वरून खाली फिरवला, मग खालून वर. मी वाट बघत उभा, सतारमेकराच्या दाराशी उभा राहायचो तसा.

‘‘उलटी गुंडाळलीस, डक.’’

मी कौलांचा सिद्धान्त मांडला. वळचण, आढं, पावसाचं पाणी, तळहाताचा रेटा. मिरजेच्या घराचा फोटोही दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि वरचं टोक?’’

मी माझा बॅटचा दोरा दाखवला.

‘‘हेच. वरून सुरू केलं असतंस तर पहिल्या वेढ्यावर दुसरा बसून टोक आपोआप दबलं असतं. खालचं टोक बुचात. दोरा कशाला हवा?’’

त्यांचा क्लब होता. शनिवारी खाणीतून आल्यावर टेप, रविवारी पहाटे शर्यत. एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची ती शर्यत, इंग्लंडची खासियत. रस्त्यावर झुंडीनं पळायला इथल्या संघटनेनंच बंदी घातलेली होती. १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड नावाच्या माणसानं ती मोडून वेल्समधल्या लँगोलेनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत खुली शर्यत काढली, तेव्हा बक्षिसाऐवजी त्याची हकालपट्टी झाली. एकट्याच्या शर्यती मात्र भल्या पहाटे, पोलिसांच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा चालत, आणि रस्त्यांना नावं न देता सांकेतिक अक्षरं-आकडे देत. अजूनही देतात. हे सांगताना सासरेबुवा माझी टेप नखानं खरवडून बघत होते, कशी निघेल याचा अंदाज घेत.

‘‘कात्री आहे?’’

आणली. स्पिरिटचा बोळाही आणला, कारण लाख स्पिरिटनं पुन्हा विरघळते, तेवढा एक तिचा मोठा गुण.

‘‘डावी बाजू मी घेतो. ती जास्त झिजते,’’ ते म्हणाले. मला ठाऊक होतं, पण मी बोललो नाही.

त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. कपाचा कान धरताना थरथरतात. पण त्यांनी नव्या टेपचं टोक मध्याशी दाबलं, गुंडाळीचं दुसरं टोक दातांत धरलं आणि हात चालू झाला. वळणावर तो थांबलाही नाही, फक्त मनगट जरासं कलतं झालं. एक सुरकुती नाही, एक फट नाही. मी घड्याळ बघितलं, सात मिनिटं. माझी प्रत्येक बाजू दीड तासाची होती.

‘‘ओढायचं किती?’’ मी विचारलं.

त्यांनी दातांतली टेप सोडली. ‘‘तुटत नाही इतकं.’’

लाखेची बाटली पुढे केली तर त्यांनी हात आडवा केला. ‘‘ते प्रदर्शनातल्या सायकलींना. घाम लागू दे, तोच पॉलिश करतो.’’ मग मात्र चहा घेतला, दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, आणि जाताना उजव्या बाजूकडे बोट करून सुनेला म्हणाले, ‘‘दोरा चांगला बांधलाय पोरानं.’’

तेव्हापासून माझ्या सायकलचं हँडल दोन रंगांचं आहे. उजवीकडे गूळ, डावीकडे झेंडू. उजवी बाजू खालून वर, डावी वरून खाली. सिग्नलला शेजारी थांबलेले सायकलवाले बघतात आणि काही विचारत नाहीत, इंग्लंड आहे. मी मनात प्रयोग म्हणून ठेवला होता. कौलं जिंकतात की खाण, बघू. एप्रिलपासून आठवड्याला साठ-सत्तर मैल झाले, त्यातले निम्मे पावसात.

डावीकडच्या कडा सिद्धान्ताप्रमाणे आतापर्यंत गुंडाळून दोरी व्हायला हव्या होत्या. त्या मळल्या आहेत, तळहाताखाली थोड्या गुळगुळीत झाल्या आहेत, बस्स. मंगळवारी घरी येताना उजव्या तळव्याला काहीतरी टोचलं. बघितलं तर मध्याशी बांधलेला दोरा दोन वेढे सुटला होता, आणि त्याखाली माझ्या आढ्याची शेवटची ओळ उचकटून वर आली होती.

या रविवारी सासरेबुवा चहाला येणार आहेत. सायकल मी पुढच्या खोलीतून काढून जिन्याखाली नेऊन ठेवली आहे, उजवी बाजू भिंतीकडे करून.